तरुण रूपविकारी (तेज बदलणारा) तारा: पहिल्या हिवाळ्यासाठी

जे मॅकनील या हौशी निरीक्षकाने जानेवारी २००४ मध्ये अवघ्या ३ इंची दुर्बिणीने मृगात एका तरुण ताऱ्याच्या उद्रेकाने उजळलेला तेजोमेघ टिपला, हे खरे. तरी तुम्ही शोधाने सुरुवात करू नका. पहिला हिवाळा एकाच ताऱ्याला द्या. वृषभेतील टी टौरी साधारण १०व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) आहे, तेव्हा ४ ते ६ इंची दुर्बीण घेऊन कोल्हापूरच्या उजेडापासून दूर, पन्हाळ्याच्या बाजूला जा.

- ज्ञात प्रतीच्या दोन ताऱ्यांशी, एक किंचित तेजस्वी व एक किंचित मंद, तुलना करून टी टौरीची प्रत ठरवा.
- वेळ साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत लिहा. पहाटे साडेपाचपूर्वी तारीखही मागे जाते, आणि नवखे इथेच हमखास चुकतात.
- मागची नोंद आधी वाचू नका, कारण मग डोळा तीच प्रत पाहतो. (माझी पहिली वही अशीच वाया गेली.)