मृत्युपत्रात गुलाम मुक्त केले म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांना गुलामगिरीविरोधी म्हणता येईल का?

नाही. १७९९च्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त केले खरे, पण तेही पत्नी मार्था यांच्या पश्चात. हयातीतलं वागणं पाहा. तेव्हा राजधानी असलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सलग सहा महिने राहिलेला गुलाम कायद्याने स्वातंत्र्य मागू शकत असे, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या घरातल्या गुलामांना मुदतीआधी राज्याबाहेर धाडलं जाई. हे गुलामांना आणि जनतेला कळू नये, असं त्यांनीच सचिव टोबायस लिअर यांना १७९१च्या पत्रात लिहिलंय. आता यावर काय सारवासारव करणार? १७९६ मध्ये पळालेल्या ओना जज या त्यांच्या घरातल्या गुलाम स्त्रीला परत आणण्याचा खटाटोप तर १७९९पर्यंत चालला. मात्र माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावरचे जवळपास निम्मे गुलाम मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते, त्यांना मुक्त करण्याचा अधिकार वॉशिंग्टन यांना नव्हता.