मासळीच्या कंपनीसाठी आपत्कालीन सुटकेचं कोणतं सामान घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ खाडीकाठी मासळी प्रक्रियेची कंपनी. खाली कोळंबी सोलायचा हॉल आणि अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज, वर ऑफिस. एका पाळीत साधारण ८० माणसं, बहुतेक बायका. वर बसणारे अकाउंटंट कुबड्या घेऊन चालतात. विक्रेत्याने लांबलचक यादी पाठवलीय. त्यातलं काय घ्यावं आणि जिन्यावरून माणूस उतरवायची खुर्ची खरंच लागते का, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी चिपळूणची. आधी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत आणि नंतर मासळीच्या कंपन्यांत, मिळून १९ वर्षं सुरक्षिततेचंच काम करतेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादी आठ दिवस कपाटात ठेवा. एखाद्या रात्री काम थांबवून, हॉलचे दिवे बंद करून दोघं-तिघं जण सगळ्यात आतल्या टेबलापासून गेटपर्यंत चालत जा. पायात गमबूट, फरशी ओलीच असू दे. कुठे भिंत चाचपावी लागली, कुठे क्रेट आडवे आले, कुठल्या दाराला दोन्ही हात लावावे लागले, ते लिहून घ्या. मग वरच्या मजल्यावरून तीच वाट अकाउंटंटना बरोबर घेऊन, त्यांच्या चालीने उतरा. काय विकत घ्यायचं ते या कागदावरून कळेल. विक्रेत्याने तुमचा हा रस्ता कधी बघितलेला नाही.

मी हे एका मागच्या दारामुळे शिकले. एका कंपनीत जुलैमध्ये मॉक ड्रिल होतं. भिंतीवर नवी कोरी अग्निशामक नळकांडी ओळीने टांगलेली, प्रत्येकाला तपासणीची चिठ्ठी. भोंगा वाजला, अकरा बायका मागच्या दाराशी पोचल्या आणि तिथेच थांबल्या. कडी सरकेना. दिवाळीनंतर बसवलेली साधी लोखंडी कडी होती. वरून पांढरट मिठाचा थर, आत खिटी गंजून फुगलेली. सगळ्यात पुढे असलेल्या मावशींनी तळव्याने ठोकून पाहिलं, मग खांदा लावला. मागच्या बायका पुढे सरकत होत्या, कारण त्यांना पुढचं दिसत नव्हतं. फिटरने हातोडा आणून कडी मोडली. ते ड्रिल होतं म्हणून सगळ्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की यंदा नळकांडी नकोत, दारं बदला. त्यांनी बदलली.

म्हणून पहिला खर्च दारांवर करा. बाहेरच्या बाजूला उघडणारी, आतून किल्लीशिवाय नुसत्या ढकलण्याने उघडणारी दारं हवीत. छातीच्या थोडं खाली आडवा दांडा असतो, त्याला पॅनिक बार म्हणतात. अंग टेकलं तरी दार उघडतं, हातात सामान असलं तरी. माल चोरीला जातो म्हणून मागच्या दाराला कुलूप लावायची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या कुलपाची वाटते. त्यावर उपाय आहे: दार उघडताच वाजणारा अलार्म बारला जोडून मिळतो. चोरी लगेच कळते आणि दारही बंद राहत नाही. बिजागऱ्या, स्क्रू आणि बारचे भाग ३१६ ग्रेडच्या स्टीलचे मागा. ३०४ खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. साध्या लोखंडाला जस्ताचा मुलामा दिलेला असला तरी खाडीकाठी तो फार टिकत नाही. आगोटीच्या कामांत छपराची डागडुजी करतो तशी दारांची तेलपाणी तपासणीही घाला, आणि श्रावणात परत एकदा.

आता अमोनिया. तुमच्याकडे आगीपेक्षा गळतीचा विचार आधी व्हायला हवा. हा वायू हवेपेक्षा हलका असतो, पण गळतो तेव्हा तो अतिशय थंड असतो आणि आपल्या दमट हवेतल्या बाष्पाशी मिसळून जमिनीलगत पांढऱ्या धुक्यासारखा सरकतो. म्हणून ‘वर निघून जाईल’ या भरवशावर राहू नका. वाऱ्याला आडवं जाऊन ढगातून बाहेर पडायचं आणि मग वारा जिकडून येतोय त्या बाजूला जमायचं.

इथे किनाऱ्यावरची एक गोष्ट यादीवाल्यांच्या लक्षात येत नाही. पावसाळा सोडला तर दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री-पहाटे मतलई वारा जमिनीकडून. दिवसपाळीला सुरक्षित असलेली जमायची जागा रात्रपाळीला थेट गळतीच्या तोंडावर येऊ शकते. म्हणून दोन विरुद्ध बाजूंना दोन जागा ठरवा आणि छपरावर एक वातदर्शक, म्हणजे कापडी बाही, लावा. रात्री तिच्यावर दिवा पडला पाहिजे. कापड खाऱ्या उन्हाने विरतं, तेव्हा एक जोड कपाटात ठेवा. एवढ्या कमी खर्चात एवढा जीव वाचवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

सुटकेचे मास्क ८० जणांना लागत नाहीत. कंप्रेसर रूमजवळ काम करणाऱ्यांना, बाहेर पडताना हॉल पाहून येणाऱ्या सुपरवायझरला आणि वरच्या मजल्यावर द्या, कारण तिथल्या माणसांना बाहेर पडायला वेळ लागतो. अमोनियासाठी ‘के’ प्रकारचा, हिरव्या पट्ट्याचा फिल्टर बघून घ्या. डोक्यावरून ओढायचा टोपीसारखा प्रकार बरा, तो दाढीवाल्यांनाही नीट बसतो. सीलबंद पाकिटावरची मुदत वहीत नोंदवा. आणि सगळ्यांना स्पष्ट सांगा की हा मास्क फक्त बाहेर पडण्यासाठी आहे. फिल्टर हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. व्हॉल्व्ह बंद करायला आत जायचं असेल तर पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो आणि तो वापरायचं प्रशिक्षण लागतं. बाकीच्यांनी तोंडा-नाकावर ओला फडका धरला तर तेवढ्यापुरता उपयोग होतो, कारण अमोनिया पाण्यात भराभर विरघळतो. डोळ्यांत गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचे, त्यासाठी दोन्ही जमायच्या जागांजवळ नळ हवा.

कोल्ड रूमच्या आतली मूठ आजच तपासा. दार बाहेरून बंद असलं तरी आतून ढकलून उघडलं पाहिजे. उणे १८ ते २० अंशांत दाराच्या कडेला बर्फ धरतो, म्हणून चौकटीतली हीटरची तार चालू आहे का ते हाताने पाहा. आत अडकलेल्याला दाबता येईल असं बटण आणि बाहेर त्याचा दिवा-घंटा हवी. बर्फ फोडायला आत एक कुऱ्हाड टांगून ठेवा. अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांवर मात्र तिथे विसंबू नका. त्या आधी उजेड पिऊन मग चमकतात, आणि कोल्ड रूमचा दिवा बहुतेक वेळ बंदच असतो.

हॉलमध्ये त्या पट्ट्या चालतील, पण खाली, गुडघ्याच्या उंचीवरही लावा. इन्सुलेशनचे फोमचे पॅनल पेटले तर दाट, विषारी धूर होतो आणि तो छतापासून खाली भरत येतो. दारावरची पाटी सगळ्यात आधी दिसेनाशी होते. बॅटरीवरचे दिवे धुण्याच्या पाण्याला टिकतील असे, आयपी ६५ दर्जाचे घ्या आणि महिन्यातून एकदा मेन बंद करून खरंच लागतात का ते बघा. पाट्यांवर अक्षरांपेक्षा चित्र मोठं असू दे. आपल्याकडे नेपाळी, उडिया, कानडी बोलणारी माणसंही कामाला असतात.

भोंगा एक विजेवरचा आणि एक हाताने फिरवायचा घ्या. पावसात वीज जातेच. कंप्रेसरच्या आवाजात आणि कोल्ड रूममध्ये ऐकू येत नाही, तिथे लुकलुकणारा लाल दिवा लावा.

हजेरीचं रजिस्टर वरच्या ऑफिसात ठेवलं तर गरजेला ते आतच राहतं. गेटवर खिळ्यांचा फळा लावा, आत जाताना प्रत्येकीने आपला बिल्ला त्यावर अडकवायचा, परतताना काढून घ्यायचा. भोंगा वाजला की वॉचमनने फळा उचलून जमायच्या जागी न्यायचा. तिथे पोचलेल्या प्रत्येकीने आपला बिल्ला काढला की कोण आत राहिलंय हे एका नजरेत कळतं, रोजंदारीवरची माणसंही सुटत नाहीत.

पुराचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाहेर पडणं शक्यच नव्हतं, वर चढणं हाच मार्ग होता. तुम्ही खाडीकाठी आहात, म्हणून वरच्या मजल्यावर लाइफ जॅकेट, लांब दोर, शिट्ट्या, टॉर्च आणि पिण्याचं पाणी ठेवा. तळमजल्याच्या कपाटात ठेवलेलं पुरात हाती लागत नाही. चक्रीवादळाचा इशारा असेल तर मात्र पाळीच लावू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत वीज आणि मोबाईल कितीतरी दिवस नव्हते. बॅटरीवरचा रेडिओ तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत असतो.

कागदोपत्री बाजू: महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं. जुलैची तपासणी भर पावसात करून घ्या, तेव्हाच खरं काय ते दिसतं.

आणि आता खुर्ची. तुमच्याकडे ती लागते. चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीतून माणूस उतरवताना मी पाहिलंय: जिना पूर्ण अडतो, पुढचे दोघे उलटे चालतात, आणि खुर्चीचा पाय वाकला की सगळे एकदम. उतरवायच्या खुर्चीला मागे रबरी पट्टे असतात, ते पायऱ्यांच्या कडांवर घसरत उतरतात आणि वजनानेच वेग आवरला जातो. एक शिकलेला माणूस दुसऱ्याला उतरवू शकतो. पण ती बहुधा उतरण्यापुरतीच असते, पुरात वर चढवायला कामाची नाही. गोल लोखंडी जिन्यावर चालत नाही. जुन्या जांभ्याच्या, कमी-जास्त उंचीच्या, कडा झिजलेल्या पायऱ्यांवर धक्के देते. तुमचा जिना तसा असेल तर आधी पायऱ्यांच्या कडा सारख्या करून घ्या. वळणाला जागा अगदीच अपुरी असेल तर पट्ट्यांची रेस्क्यू शीट, म्हणजे माणसाला बांधून उतरवायची चादर, घ्या, तिला मात्र दोन ते चार माणसं लागतात.

विक्रेत्याला सांगा, खुर्ची तुमच्याच जिन्यावर उतरवून दाखव. आधी वाळूचं पोतं बांधून, मग त्याचा स्वतःचा माणूस बसवून. त्यानंतर तुमच्या अकाउंटंटना विचारा, त्यांना बसून बघायचंय का. पट्टा कुठे टोचतो, कुबड्या कोण घेणार, कोणाच्या हातात स्वतःला सोपवायला त्यांना भीती वाटत नाही, हे त्यांनीच ठरवायचं. ज्यांची नावं ते घेतील त्यांतले प्रत्येक पाळीत दोघे जण तयार करा, कारण एक जण रजेवर असतोच. खुर्ची वरच्या मजल्यावर, त्यांच्या टेबलापासून जिन्याच्या वाटेवर टांगा. आणि त्यांनी खुर्चीला नको म्हटलं, तर टेबल खाली आणायची तयारी ठेवा, पण तेही त्यांना विचारूनच.

जिन्याची रुंदी, वळणाच्या जागेची लांबी-रुंदी आणि पायरीची उंची इथे लिहिलीत तर कुठला प्रकार बसेल ते सांगते.