भारताचं राष्ट्रीय अभिलेखागार कधी स्थापन झालं? पहिले प्रमुख कोण?

११ मार्च १८९१, कलकत्ता. तेव्हा नाव होतं इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट. पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट, आणि ते गेले आपल्या मुंबईहून! एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक असताना त्यांनी मुंबई सरकारचं जुनं दप्तर लावून नाव कमावलं होतं. खरं तर मध्यवर्ती दप्तरखान्याची सूचना १८६० मध्येच सँडमन नावाच्या हिशेबतपासनिसाने केली होती. सरकारी कचेऱ्या कागदांनी तुंबल्या होत्या. पण अंमलाला तीस वर्षं लागली.

पुढे राजधानीमागोमाग दप्तरही दिल्लीला गेलं. आजचं नाव ऑगस्ट १९४७ मधलं. त्या नावाखालचे पहिले संचालक सुरेंद्रनाथ सेन. बंगाली माणूस, पण मराठ्यांच्या राज्यकारभाराचा गाढा अभ्यासक. पहिले भारतीय प्रमुख मात्र ते नव्हेत. तो मान त्यांच्या बराच आधी, १९२० मध्ये आलेल्या जे. एम. मित्रा यांचा.