पुणे ते दुबई: तिकिटावरचे तास आणि खरे तास

तुमचा घोळ लक्षात आला. आईबाबांच्या तिकिटावर जाताना 1 तास 50 मिनिटं दिसतायत आणि येताना साडेचार तास, मग विमानात बसायचं नक्की किती?

तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. लोहगावहून, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरून, रात्री 8 ला निघून 9:50 ला दुबई लिहिलंय ना? त्यात दीड तास मिळवा, 3 तास 20 मिनिटं. येताना 10:50 ला निघून पहाटे 3:20 ला पुणे, यातून दीड तास काढा, उरले तीन.

तरी वीस मिनिटांचा फरक राहतो, तो वाऱ्याचा. विमानाच्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, वारं पश्चिमेकडून वाहतं. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी.

सरळ अंतर साधारण 2,050 किलोमीटर. ताशी 830 च्या वेगाने अडीच तासच होतात, हा तुमचा हिशोब बरोबर आहे. पण कंपनी वेळ धरते ती विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंत. लोहगावची धावपट्टी मुळात हवाई दलाची, तिथे कधी थांबावं लागतं. दुबईला उतरणाऱ्यांची रांग असते, तिथे घिरट्या. शिवाय चढताना-उतरताना विमान पूर्ण वेगात नसतंच.

कुणीतरी तुम्हाला सुचवलंय की मुंबई जवळ पडते, तिथून जा. जवळ आहे, 120 किलोमीटरने. हवेत तेवढ्याला नऊ मिनिटं लागतात! त्या नऊ मिनिटांसाठी सत्तरीच्या माणसांना दीडशे किलोमीटर गाडीत बसवून खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे रखडवायचं? भाड्यात फारच तफावत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कोथरूडहून लोहगाव, तास-सव्वा तास धरा, आणि तीन तास आधी पोचा. पूर्ण दिवसाचा हिशोब मांडलात तर विमानातला वेळ निम्माही भरत नाही.

आता खरी काळजी घ्यायची ती तारखेची. परतीच्या तिकिटावर 3:20 च्या शेजारी बारीक अक्षरात '+1' असेल, म्हणजे विमान निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचतं. ते मी एकदा पाहिलं नव्हतं. मेव्हण्याचं तिकीट 14 तारखेचं, म्हणून 14 च्या पहाटे थर्मासमध्ये चहा भरून विमानतळावर हजर. चार वाजले, साडेचार वाजले, शेवटी फोन लावला. पलीकडून झोपाळलेला आवाज, "दाजी, मी अजून दुबईतच आहे. विमान आज रात्रीचंय."

चहा मी आणि शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने संपवला.