नांगराने पुसलेला खंदक यंत्राला कसा दिसतो?

प्रश्न : अमेरिकेत ओहायोतल्या शेतांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या बांधांनी वेढलेली आवारं मॅग्नेटोमीटरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राने) शोधली, असं वाचलं. जमीन सपाट झाल्यावर यंत्र नेमकं काय पकडतं? आपल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर ते चालेल का?

उत्तर : बहुतेकदा सापडतो तो बांध नव्हे, बांधालगतचा खंदक. धग आणि जिवाणूंमुळे वरच्या थरातली माती खालच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय झालेली असते. खंदक याच मातीने हळूहळू बुजतो. नांगर बांध पसरवून टाकतो, पण खंदकाचा तळ फाळाखाली शाबूत राहतो. चिलिकोथेजवळच्या जंक्शन ग्रूप या ठिकाणी 2005 साली चार पाकळ्यांचं आवार उमटलं ते असंच. वरून बघून तो आकार ओळखूच येत नव्हता!

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे 50,000 नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास, आणि खंदकामुळे पडणारा फरक जेमतेम काही नॅनोटेस्ला. म्हणून ग्रेडिओमीटर या जोड-मॅग्नेटोमीटरमध्ये दोन सेन्सर अर्धा किंवा एक मीटर अंतरावर एकावर एक असतात. त्यांची वजाबाकी केली की पृथ्वीचा वाटा निघून जातो. जमिनीवर 20 बाय 20 मीटरचे चौकोन आखा, दोऱ्या सुती किंवा नायलॉनच्या, खुंट्या प्लास्टिकच्या. ओळी अर्ध्या मीटरवर आणि मीटरला 8 नोंदी घेतल्या तर एका चौकोनात 6,400 नोंदी होतात. चालणाऱ्याच्या अंगावर किल्ली, पट्ट्याचं बक्कल, लोखंडी खिळ्यांचे बूट काही नको. जाता-येता चालण्याचा वेग बदलला की सरळ खंदक नकाशात करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. ही चूक फार होते. एकमेकांना चिकटलेला काळा-पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा मोडक्या फाळाचा तुकडा समजावा.

आपल्याकडे अडचण बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची. थिजतानाच त्यात स्वतःचं चुंबकत्व मुरलेलं असतं, त्यामुळे मातीत विखुरलेले दगडच खंदकाचा क्षीण संकेत झाकून टाकतात. जमिनीत लहरी सोडणारं रडार हा दुसरा मार्ग, पण त्याच्या लहरी ओल्या काळ्या मातीत लवकर विरतात. म्हणून आमच्या मते आधी विद्युतरोध, म्हणजे माती विजेला किती अडवते ते, मोजून बघावा. त्यासाठी जमिनीत चार खिळे रोवतात: हातातल्या चौकटीवरचे दोन खिळे अर्ध्या मीटर अंतरावर, उरलेले दोन किमान 15 मीटर लांब. पावसाळा सरल्यावर बाजूची जमीन वाळू लागते, खंदकातली मऊ माती ओल धरून असते आणि तिथे रोध कमी येतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात खिळ्याला मातीची पकड मिळत नाही, आकडे उड्या मारतात.