ऑलिव्ह बर्नला सवत म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की वंडर वुमन ही अमेरिकन कॉमिक्समधली नायिका ज्याने लिहिली त्या विल्यम मार्स्टनच्या घरात लग्नाची बायको एलिझाबेथ आणि शिवाय ऑलिव्ह बर्न अशा दोघी राहायच्या, दोघींनाही त्याच्यापासून मुलं झाली, तर मराठीत लिहिताना ऑलिव्हला काय म्हणायचं, सवत, रखेल की अंगवस्त्र? मला विचाराल तर तिन्ही नको.

रखेल आधी बाद करू. रखेल म्हणजे पुरुषाने ठेवलेली बाई, म्हणजे खर्च पुरुषाचा. इथे तर सगळा उलटा कारभार. मार्स्टन हार्वर्डचा वकील आणि मानसशास्त्रातला डॉक्टर, खोटं पकडायला रक्तदाब मोजायची चाचणी त्याचीच, पण नोकऱ्या काही टिकायच्या नाहीत. एलिझाबेथही कायद्याची पदवीधर, ती विमा कंपनीत नोकरी करून घर चालवायची आणि ऑलिव्ह घरी राहून चारही मुलांना वाढवायची. मग कुणी कुणाला ठेवलं होतं? अंगवस्त्राचंही तेच, तो शब्द मुळात उपरण्याचा, आणि त्यातली बाई बहुतेक वेळा दुसऱ्या बिऱ्हाडी असते, लग्नाची बायको घरी. इथे सगळे एकाच छताखाली, आणि एलिझाबेथच्या मुलीचं नावच ऑलिव्ह अ‍ॅन.

सवत जरा जवळचा वाटतो, पण त्यात दोन अडचणी. एक तर सवत व्हायला दुसरं लग्न लागतं आणि अमेरिकेत ते शक्यच नव्हतं. ऑलिव्ह १९२८ पासून लग्नाच्या अंगठीऐवजी दोन्ही हातांत रुंद कडी घालायची, त्याच कड्यांवरून वंडर वुमनच्या बंदुकीच्या गोळ्या अडवणाऱ्या कड्यांची कल्पना आली असं मानतात (आपल्याकडे बांगड्या भरा म्हणजे शिवी, असो). दुसरी अडचण मोठी. सवत आला संस्कृत सपत्नीवरून, प्राकृतात सवत्ती, आणि त्याच सपत्नीवरून सपत्न म्हणजे वैरी हा शब्दही निघाला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन 'असपत्न' राज्य म्हणतो, म्हणजे ज्याला प्रतिस्पर्धी नाही असं. म्हणजे भांडण शब्दाच्या पोटातच आहे, आणि मराठीत तर सवतीमत्सर हा तयार जोडशब्दच मिळतो. या दोघी मार्स्टन १९४७ मध्ये गेल्यावरही एकत्रच राहिल्या, ऑलिव्ह १९९० मध्ये वारली तोवर, म्हणजे नवरा जाऊन ४३ वर्षं! त्यांच्यात शरीरसंबंध होते का यावर वाद आहे, त्यांच्या एका नातीने तर ते जाहीरपणे नाकारलंय, त्यामुळे प्रेयसी हा शब्द दोघींमधल्या नात्यासाठी बेधडक वापरू नका.

ऑलिव्ह स्वतः काय सांगायची तर आपण विधवा. विल्यम रिचर्ड नावाचा नवरा होता, वारला, असं तिने रचलं होतं आणि ऑलिव्ह रिचर्ड या नावाने ती फॅमिली सर्कल मासिकात लिहायची. १९४० मध्ये तिने कॉमिक्स मुलांना वाईट की बरी यावर एक मुलाखत छापली, मुलाखत कुणाची तर मार्स्टनची, जणू कुणी परके तज्ज्ञच. ती वाचून कॉमिक्सचा प्रकाशक गेन्सने त्याला सल्लागार नेमलं आणि १९४१ च्या शेवटी वंडर वुमन बाजारात आली. लेखकाचं नाव छापलं चार्ल्स मोल्टन, त्यातलं चार्ल्स गेन्सचं मधलं नाव आणि मोल्टन मार्स्टनचं. थोडक्यात घरात बाहेरच्यांसाठी ठेवणीतली नावं बरीच होती. जिच्या दोरीत अडकलं की माणसाला खोटं बोलता येत नाही त्या बाईची ही जन्मकथा, फक्त सुरुवातीला ती दोरी खरं बोलायला नाही, हुकूम ऐकायला लावायची, खरं बोलायचं प्रकरण नंतर ठळक झालं.

आणि ऑलिव्हला नुसती 'दुसरी बाई' करून टाकू नका प्लीज. तिची आई एथेल बर्न १९१७ मध्ये संततिनियमनाच्या दवाखान्यापायी तुरुंगात उपोषणाला बसली होती आणि मावशी म्हणजे संततिनियमनाची चळवळ चालवणारी मार्गारेट सँगर, हीच सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेली.

मी लिहिलं असतं तर 'मार्स्टन दांपत्याची सहजीवनातली जोडीदार' असं एकदा लिहून पुढे सरळ ऑलिव्ह म्हटलं असतं. लिव्ह-इन म्हटलं की दोनच माणसं डोळ्यासमोर येतात, त्यामुळे तो नको. मुलांचं मात्र सांभाळून. मराठीत आई वेगळी म्हणजे सावत्र (हाही सापत्नच), पण १९३५ मध्ये मार्स्टन दांपत्याने ऑलिव्हचे दोन्ही मुलगे, बर्न (हे इथे पहिलं नाव) आणि डॉन, रीतसर दत्तक घेतले, म्हणजे बापाने पोटचीच पोरं दत्तक घेतली आणि हे त्या मुलांना कळलं थेट १९६३ मध्ये. तेव्हा बर्न आणि डॉनला कागदोपत्री दत्तक म्हणा, आणि चौघांचा एकत्र उल्लेख आला की नुसतं भावंडं.