पिल्लू सापडलंय, काय पाजू? : वाचकांचे प्रश्न

नमस्कार डॉक्टर, आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक जुनी किंजळ तोडली, तिच्या ढोलीत उडत्या खारीचं पिल्लू निघालं, गावात पाख्या म्हणतात तो. आई झेप टाकून ओढ्यापलीकडे गेली ते सगळ्यांनी बघितलं. पिल्लाचे डोळे मिटलेले आहेत. मुलं घरी घेऊन आली, गाईचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजतोय पण कालपासून पातळ शी करतंय आणि सारखं ओरडतंय. अजून काय देता येईल? (संगमेश्वर)

तुम्हाला मेलवर लगेच कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितो कारण असाच प्रश्न दर पावसाळ्याच्या आगेमागे येतो आणि प्रत्येक वेळी गाईचं दूध असतंच त्यात. आधी ते बंद करा. गाईच्या दुधातली साखर या पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाचं पाणी गेलं की दिवसभरात खेळ संपतो.

दूध सुचायच्या आधी ऊब सुचायला पाहिजे. पिल्लू हाताला गार लागत असेल तर त्याला काहीच पाजायचं नाही, थंड पडलेल्या पोटात पचनच होत नाही, पाजलेलं तसंच राहून कुजतं. बुटाचा खोका घ्या, जुनी मऊ साडी किंवा बनियन घाला (टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यात नखं अडकतात) आणि गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा म्हणजे फार गरम झालं तर ते सरकून लांब जाऊ शकेल. पोट हाताला उबदार लागलं की मग ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कोमट, एक मिलीच्या सिरिंजने सुई काढून, थेंब थेंब. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर पाणी कमी पडलंय.

आणि कापसाचा बोळा नकोच. किती पोटात गेलं ते कळत नाही आणि पिल्लू जोरात ओढतं तेव्हा दूध श्वासनलिकेत जातं. पिल्लाला पालथंच धरायचं, डोकं जरासं वर, माणसाच्या बाळासारखं उताणं अजिबात नाही. नाकातून बुडबुडा आला की थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. न्यूमोनियाने गेलेली पिल्लं मी उपाशी गेलेल्यांपेक्षा जास्त बघितलीत.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, एवढ्या लहान पिल्लाला आपली आपण शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचं, पाजायच्या आधी आणि नंतरही. उडत्या खारीत मनगटापासून घोट्यापर्यंत कातडीचा पडदा असतो, पिल्लात तो ढगळ शर्टासारखा लोंबतो, त्याच्या घडीत सांडलेलं दूध किंवा मूत वाळून बसतं आणि खाली कातडी सोलवटते, तिथे रोज उलगडून बघा.

पण हे सगळं तात्पुरतं. तुमच्या पत्रातली मोठी बातमी म्हणजे आई जिवंत आहे आणि तिला सगळ्यांनी बघितलंय! ती निशाचर आहे, दिवसा आली नाही म्हणजे टाकून गेली असं नाही, आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही हे तर निव्वळ थोतांड आहे. पिल्लू उबेला येऊन जरा तरतरीत झालं असेल तर दिवस मावळायच्या आत तोडलेल्या झाडाच्या जवळच्या उभ्या झाडाला, जमेल तेवढं उंच, खोका घट्ट बांधा, आत कापडात गुंडाळलेली गरम बाटली, वर पावसापुरता आडोसा आणि आईला आत शिरता येईल एवढी जागा. मग सगळे लांब व्हा, कुत्री बांधा, बॅटऱ्या मारू नका, मोबाईलवर व्हिडिओ काढायला कोणी थांबू नका. पिल्लू ओरडतंय ना, ते ओरडणंच उपयोगी आहे, आई त्यावर येते आणि तोंडात धरून दुसऱ्या ढोलीत नेते. पहाटेपर्यंत नेलं नाही, किंवा जुलाब थांबलेच नाहीत तर मात्र रात्रीची वाट बघत बसू नका, वनविभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा, राज्यात कुठूनही लागतो.

त्याच विषयावर, चिपळूणहून: आम्ही वाढवलं तर? माणसाळतं म्हणे. शेकरूसारखंच असतं ना?

नाही. शेकरू दिवसा फिरतं, हे रात्री. पूर्ण वाढलेलं उडतं खारोटं शेपटीसकट जवळजवळ मीटरभर होतं आणि त्याला उंबराची फळं, कोवळी पानं, साली लागतात, ते तुम्ही पारले बिस्किट आणि शेंगदाण्यावर काढणार आणि वर्षाच्या आत कॅल्शियमअभावी त्याचे मागचे पाय लुळे पडणार. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवता येत नाही. माणसाळतं हे खरंय, म्हणूनच नंतर जंगलात सोडलं की पहिल्या कुत्र्याजवळ जाऊन बसतं.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला राहतो. अ‍ॅटिकमध्ये उडत्या खारी शिरल्या होत्या, पेस्ट कंट्रोलवाल्याने भोकाला एकाच बाजूने उघडणारं दार बसवलं, मोठ्या खारी बाहेर गेल्या, आता वरून बारीक चिवचिव ऐकू येतेय. पिल्लं खाली आणून घरीच पाजू का? (ऑनलाइन आलेला प्रश्न)

त्या दाराने आई बाहेर आणि पिल्लं आत असं झालंय. आजच्या आज ते काढा किंवा उघडं बांधून ठेवा, अंधार पडला की आई परत येईल आणि बहुतेक एकेक करून दुसरीकडे हलवेल, या खारींना दोन-तीन घरटी असतातच. तुमच्याकडची जात फार लहान, मोठी खार 50 ते 80 ग्रॅमची, जन्मलेलं पिल्लू जेमतेम चार ग्रॅमचं! याला सिरिंजने पाजणं म्हणजे सवय असलेल्या माणसाचाही घाम निघतो, तुम्ही युट्यूब बघून करू नका. डोळे उघडायला साधारण चार आठवडे, दूध सुटायला सहा ते आठ. तोपर्यंत भोक बुजवायचं नाही. वर्षात दोनदा पिल्लं होतात, वसंतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे असलं काम थेट त्या दोन मोसमांच्या बाहेर काढायचं, हे त्या माणसाला आधी माहीत असायला हवं होतं.

दोन रात्रीत आई आलीच नाही तर राज्याचं लायसन्स असलेला वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटर (जखमी, पोरके वन्यप्राणी सांभाळून परत सोडणारा माणूस) शोधा, तिथे ही सोय आपल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. आणि वर चढाल तेव्हा ग्लोव्हज, मास्क घालून. अमेरिकेच्या पूर्व भागात या खारींमुळे माणसांना टायफस (जिवाणूंमुळे येणारा ताप, टायफॉइड नव्हे) झाल्याच्या केसेस आहेत. जुनं घरटं कोरडं झटकू नका, आधी जंतुनाशक फवारून ओलं करा मग पिशवीत भरा.

मांजराने साध्या खारीचं पिल्लू तोंडात आणलं, सोडवलं, जखम कुठेच दिसत नाही, डोळे अजून उघडलेले नाहीत. पुण्यात आहे. कुत्र्याच्या पिल्लाची दूध पावडर मेडिकलमध्ये मिळाली, ती चालेल? (कोथरूड)

पावडर चालेल, एक भाग पावडर दोन भाग कोमट पाणी, पहिल्या एक-दोन वेळा त्याहून पातळ. एका वेळी वजनाच्या पाच टक्के, म्हणजे किचनच्या काट्यावर पिल्लू 20 ग्रॅम भरलं तर एक मिली, त्याहून जास्त नाही, कितीही मागू दे, आणि डोळे मिटलेले आहेत तोवर दर तीन तासांनी. पण पावडरच्या आधी रिक्षा पकडा. मांजराच्या दाताचं भोक केसांत दिसत नाही आणि त्याच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसात रक्तात पसरून पिल्लू मरतं, तोपर्यंत ते छान खेळत असतं त्यामुळे घरच्यांना पटत नाही. अँटिबायोटिक आजच सुरू व्हायला पाहिजे, डोस तिथले डॉक्टर वजनावर काढतील. बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, कोथरूडहून लांब नाही, निघायच्या आधी 1926 ला फोन करून कळवा. खोक्याला भोकं पाडा, आत गरम बाटली ठेवा, रिक्षात मांडीवर उघडून दाखवत बसू नका.